पाऊस तुम्हाला पहाटेच कळतो, आम्हाला मात्र कुर्ल्याला

मुंबईच्या पावसाळी तयारीसाठी दर मे महिन्यात एका टेबलाभोवती बसणाऱ्या रेल्वे, महापालिका, आपत्ती व्यवस्थापन आणि राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

मी बदलापूरला राहते. परळच्या एका रुग्णालयात, रक्त-लघवी तपासतात त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. 2002 पासून, म्हणजे चोवीस पावसाळे, सेकंड क्लासच्या पासावर येते-जाते आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तुमच्यापैकी एका कार्यालयाला मी चार पानी पत्र पाठवलं. त्याचं उत्तर फेब्रुवारीत आलं. दोन ओळी होत्या: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. सदर सूचना योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात येत आहे.’ संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे दुसरं पत्र उघड्यावर लिहिते आहे. संबंधित विभाग जो कोणी असेल, त्याच्या नजरेला पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मुंबईत पाणी का तुंबतं, हे विचारायला मी आलेली नाही. शाळेत असल्यापासून ऐकते आहे आणि आता पाठही झालं आहे. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात नेणारी 186 मुखं; त्यातली 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, 135 भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही उघडी राहतील अशी फक्त 6. भरती आली की दारं लावायची आणि पंपांवर भिस्त ठेवायची. जुने नाले तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे पावसाळी नाले सुधारण्याच्या आराखड्याने, ते 50 चे करा म्हणून सांगितलं आणि ते काम अजून चालूच आहे. 8 जुलै 2024 ला रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी 300 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. म्हणजे तासाला सरासरी 50, म्हणजे नवे नालेसुद्धा काठोकाठ. आणि पाऊस काही सरासरी धरून पडत नाही.

तेव्हा पाणी तुंबणार. ते मी मान्य केलं आहे, तुम्हीही मनातून केलं असेल. माझं भांडण त्याच्यापुढचं आहे. पाणी कुठे आणि कधी तुंबणार हे तुम्हाला आमच्या आधी कळतं, आणि तुम्ही आम्हाला सांगत नाही.

26 जुलै 2005 ला मला नोकरीत तीन वर्षं झाली होती. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला शंभरही नाही. दक्षिण मुंबईत कामाला गेलेल्या माणसाला उपनगरात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. मोबाइल बंद पडले होते. मी दोन रात्री प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज यंत्राशेजारच्या टेबलावर झोपले. पण खरं सांगते, तेव्हा मला कोणाचा राग आला नव्हता. मुंबईत तेव्हा पावसाचे ढग टिपणारं डॉप्लर रडार नव्हतं. कळलंच नाही तर सांगणार काय?

आता तसं राहिलेलं नाही. कुलाब्याला रडार आलं, 2022 मध्ये वेरावलीला दुसरं आलं. 2020 पासून कोणत्या वॉर्डात किती पाणी चढेल याचा अंदाज देणारी आयफ्लोज नावाची यंत्रणा आहे. महापालिकेची पर्जन्यमापकं दर पंधरा मिनिटांचा आकडा देतात. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत इशारे देतं. आणि भरतीचं तर पंचांगच असतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा मे महिन्यातच छापून येतात, आमच्या लेडीज डब्यातल्या दोघी-तिघी त्या कापून पासाच्या पाकिटात ठेवतात. एवढं सगळं तुमच्या नियंत्रण कक्षांच्या पडद्यांवर आहे. तिथून आमच्या फलाटापर्यंत ते का येत नाही?

एका सोमवारची गोष्ट सांगते. तारीख, वेळ, गाडी हे सगळं त्या चार पानांत दिलेलं आहे, इथे पुन्हा देत नाही.

पहाटे बदलापूरला नुसती बुरबुर होती. इंडिकेटरवर गाडी वेळेत. लाल इशारा मी मोबाइलवर पाहिला होता. पण गाडी सोडतायत म्हणजे पुढे रस्ता मोकळा असणार, असं आपण धरून चालतो. पावणेसहाच्या सुमारास सुटलो. ठाण्यापर्यंत गाडी व्यवस्थित आली. घाटकोपर गेलं, विद्याविहार गेलं, आणि कुर्ल्याच्या अलीकडे ती उभी राहिली. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं. डब्यातला स्पीकर बोलला: ‘पुढील स्टेशन, कुर्ला. अगला स्टेशन, कुर्ला. नेक्स्ट स्टेशन, कुर्ला.’ त्यानंतर चार तास तो गप्प होता.

पहिला अर्धा तास कोणी मनावर घेतलं नाही. लोकल थांबली ही काय बातमी आहे का? मग पंखे थांबले. खिडकीतून पाहिलं तर शेजारचा रूळ दिसेनासा झाला होता, नुसती तपकिरी सपाटी, तिच्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगतायत. एकीने एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवरचं प्रवाशांचं चॅट उघडलं. सहा वाजून वीस मिनिटांनी कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं: ‘कुर्ला ट्रॅकवर पाणी, गाड्या रेंगाळतायत, निघू नका.’ सहा वीसला आमची गाडी डोंबिवलीच्या आसपास होती. डोंबिवलीला फलाट होता, बाहेर रिक्षा होत्या, घरी परत जाणारी गाडी होती. कुर्ल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्या माणसाला जे कळलं ते तुमच्या कंट्रोलला कळलं नव्हतं, हे मला पटत नाही. कळलेलं होतं, आणि तरी आम्हाला ठाण्यापुढे सोडलं.

दुसऱ्या तासाला डायबेटिस असलेल्या एका मावशींना घाम फुटला. कोणाच्या तरी डब्यातला उपमा आणि दोन पार्ले-जी देऊन त्यांना सावरलं. सहावा महिना चालू असलेली एक मुलगी आळीपाळीने उभी राहत होती आणि बसत होती. तिसऱ्या तासाला एका कॉलेजच्या पोरीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, आता राहवत नाही. मग आम्ही कोपऱ्यात दोन छत्र्या उघडून आडोसा केला. त्या छत्र्यांमागे एकेक करून सहाजणी गेल्या, साठीच्या एक बाईसुद्धा. पिशव्या कुठून आणल्या आणि पुढे त्यांचं काय केलं, ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्या पर्समध्ये एक जादा छत्री असते.

अकराच्या पुढे पुरुषांच्या डब्यातली माणसं उड्या मारू लागली. फलाट नसला की लोकलचा दरवाजा कमरेच्याही वर येतो, हे तुम्हाला कागदावर माहीत असेल. खाली खडी, खडीवर पोटरीभर पाणी, आणि पाण्याखाली पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, कुठे आहे ते दिसत नाही. दोन मुलांनी खांदे दिले म्हणून आम्ही उतरलो. गार्डसाहेब शेवटच्या डब्यातून हात करून सांगत होते, ‘उतरू नका, उतरू नका.’ मग काय करू, हे मात्र त्यांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या माणसाचा मला राग नाही, तोही आमच्यासारखाच अडकला होता.

शेजारच्या दिव्यांगांच्या डब्यात कुबड्या घेतलेले एक काका होते. त्यांना खाली घेणं आम्हाला जमेना. ते म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे, मी बसतो.’ आम्ही पुढे झालो.

रुळांवरून चालताना फोन वाजला. सरकारी कार्यालयांना आणि शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप होता.

रुग्णालयात पोचले तेव्हा दीड वाजला होता. रात्री नऊला आलेली माझी सहकारी साडेसोळा तास तिथेच होती, कारण मी आल्याशिवाय तिला टेबल सोडता येत नाही. आयसीयूचे नमुने येतच होते. तिचा मुलगा दुसरीत आहे; तो शेजाऱ्यांकडे. आणि महिनाअखेरीस पगारपत्रकात माझी अर्ध्या दिवसाची रजा लागलेली होती.

आता माझ्या तक्रारी. क्रम माझ्या सोयीने लावते.

सगळ्यात मोठी ती सांगितलीच: पुढे पाणी आहे हे माहीत असताना गाडी सोडणं. रुळावर ठराविक उंचीच्या वर पाणी चढलं की मोटारी भिजतात, पॉइंट फिरत नाहीत, सिग्नल लाल होऊन बसतात. तेव्हा गाडी थांबवावी लागते, हे मला कळतं. थांबवलीत म्हणून कधीच तक्रार केली नाही. पण स्टेशनात थांबवा. तुम्ही म्हणाल, मुख्य मार्गावर दर तीन-चार मिनिटांनी गाडी आहे, सगळ्यांना फलाट कुठून द्यायचे? बरोबर आहे. म्हणूनच मागून सोडणं आधी थांबवायला हवं. कुर्ल्याला पाणी चढू लागलं की कल्याणला गाडी धरली पाहिजे. तुम्ही उलटं करता. शेवटच्या क्षणापर्यंत ‘सेवा सुरळीत’ असते आणि मग एकदम दहा-पंधरा गाड्या दोन स्टेशनांच्या मध्ये अडकतात. सेवा किती वेळ चालू ठेवली याचा आकडा वर पाठवायचा असतो म्हणून असं होतं, असा मला संशय आहे. चूक असेल तर सांगा, मी हा परिच्छेद मागे घेईन.

सुट्टीचं तर हसूच झालं आहे. पहाटेची माणसं निघून गेल्यावर, सकाळच्या सत्राची मुलं वर्गात बसल्यावर सुट्टी जाहीर करणं म्हणजे वरात गेल्यावर घोडा आणण्यासारखं आहे. त्यातून ती सुट्टी असते कोणाला? सरकारी कार्यालयांना. खाजगी आस्थापनांसाठी ‘शक्य असल्यास घरून काम करावे’ असं आवाहन. रक्ताचे नमुने मी बदलापूरहून तपासू शकत नाही, आणि आमच्या डब्यातली स्वयंपाकाच्या कामाला भांडुपला जाणारी बाई घरून पोळ्या लाटू शकत नाही.

परतीच्या वाटेचा कोणी विचारच करत नाही. ठाण्यापुढे कर्जत-कसारा गाड्या बहुतेक वेळा चालू राहतात, तशी घोषणाही होते. पण परळचा माणूस ठाण्याला जाणार कसा? एकेकाळी बेस्टच्या चार हजारांवर बस होत्या, आता तीन हजारांच्याही खाली आल्या आहेत. तिकीट मात्र मे 2025 पासून पाचाचं दहा झालं. त्या दिवशी सायनला टॅक्सीवाल्याने ठाण्याचे दोन हजार सांगितले. त्याला नाव ठेवायला माझ्याकडे तोंड नाही. त्याच्यापुढेही तेच पाणी होतं.

आणि डब्यात कोंडलेल्या माणसाला उतरवायचं कसं, याची कसलीच तयारी नाही. 19 ऑगस्ट 2025 ला मोनोरेल म्हैसूर कॉलनीजवळ वरच्या वर अडकली तेव्हा अग्निशमन दलाने शिड्या लावून 582 माणसं खाली आणली. 27 जुलै 2019 ला आमच्या बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात सापडली, तेव्हा एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हजारावर प्रवासी सुखरूप निघाले. म्हणजे मनात आणलं की तुम्हाला जमतं, आणि फार चांगलं जमतं. मग रोज अडकणाऱ्या लोकलला चार पायऱ्यांची एक शिडी का मिळत नाही? 8 जुलै 2024 ला राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्रीच गाडी अडकल्यामुळे रुळांवरून चालत निघालेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. मला वाटलं, आता तरी काही होईल. खातंच भिजलं होतं ना!

‘यंदा पाऊस लवकर आला’ हे कारणही आता पुरे करा. 2025 मध्ये मान्सून 26 मे रोजी मुंबईत आला, नेहमीच्या 11 जूनच्या सोळा दिवस आधी. तुमची नालेसफाईची मुदत 31 मे होती. 10 मे रोजी सुरू झालेलं आचार्य अत्रे चौकाचं भुयारी मेट्रो स्टेशन त्याच 26 तारखेला पाण्यात गेलं. पाऊस तुमच्या निविदेची तारीख बघून येत नाही. मुदत 15 मे करा, विषय संपला.

मागण्या मोजक्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पैसेही लागत नाहीत.

लाल इशाऱ्याच्या दिवशी पहाटे चार वाजता रेल्वे, महापालिका आणि हवामान खातं यांनी मिळून एकच निवेदन काढावं: आज कोणती गाडी कुठपर्यंत जाईल, कुठे पाणी चढायची शक्यता आहे, भरती किती वाजता आहे. तेच प्रत्येक स्टेशनच्या इंडिकेटरवर आणि घोषणेत, मराठीत, सोप्या भाषेत. ‘तांत्रिक कारणामुळे’ हा शब्द पावसाळ्यापुरता तरी बंद करा. पाणी म्हणा. सुट्टी द्यायची असेल तर तीही त्याच चार वाजता. दुपारी दोनला परतीचं दुसरं निवेदन. अंदाज चुकला तर चुकू द्या. उगीच घरी बसवल्याबद्दल मी चार शिव्या घालीन (मनात), पण कुर्ल्याच्या पाण्यात उडी मारण्यापेक्षा ते परवडलं.

दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी दहा मिनिटांहून जास्त थांबली की डब्यात बोला. दर दहा मिनिटांनी बोला. ‘किती वेळ लागेल ते आम्हालाही माहीत नाही’ हेसुद्धा उत्तर आहे, आणि आम्ही ते ऐकून घेऊ. अर्धा तास झाला की दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून, शिड्या आणि रेल्वे पोलीस पाठवून माणसं उतरवा. आधी दिव्यांग, गरोदर बाया, म्हातारी माणसं, आजारी. प्रत्येक लोकलमध्ये किमान दोन घडीच्या शिड्या ठेवा.

कुर्ला, सायन, दादर, घाटकोपर आणि ठाणे या स्टेशनांजवळ अडकलेल्यांसाठी महापालिकेच्या कोणत्या शाळा उघडतात, त्यांची नावं आणि वाट फलाटावर आत्ताच रंगवून ठेवा. शाळा उघडता, चहा-बिस्किटं देता, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण कुठल्या शाळा, ते त्याच रस्त्यावर राहणाऱ्यांनाच माहीत असतं. तिथली स्वच्छतागृहं रात्रभर उघडी आणि उजेडात हवीत. लोकल बंद झाली की त्याच स्टेशनांवरून ठाण्यापर्यंत बस सोडा, आणि त्यांचे चालक-वाहक आदल्या रात्रीच मुक्कामी ठेवा.

राज्य सरकारकडे एकच मागणी: लाल इशाऱ्याच्या दिवशी रेल्वे बंद असेल, तर खाजगी नोकरदाराचा पगार किंवा रजा कापता येणार नाही, असा आदेश काढा. आवाहन नको. अत्यावश्यक सेवेतल्या माणसांची आदल्या रात्री मुक्कामाची सोय मालकाने करावी, हेही त्यातच लिहा. आम्हाला एक सतरंजी आणि बंद होणारं दार पुरे.

आणि पाणी तुंबलेल्या प्रत्येक दिवसानंतर आठवड्याच्या आत जाहीर करा: कुठे किती इंच, किती तास, कोणता पंप चालू होता, किती गाड्या मध्येच अडकल्या, त्यातून किती माणसं कशी उतरवली. 2005 नंतर पुराची कारणं शोधायला चितळे समिती नेमावी लागली होती. रोजची वही नीट लिहिली तर समित्या नेमाव्या लागणार नाहीत.

यातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर तुम्हाला बैठका घ्याव्या लागतील, मला माहीत आहे. एका गोष्टीला बैठक लागत नाही. माझ्या चार पानांची तुम्ही नोंद घेतली आहे. म्हणजे तारीख आणि गाडी तुमच्याकडे आहे. त्या दिवशीची तुमची नोंदवही काढा आणि एवढंच कळवा: दिव्यांगांच्या डब्यात मागे राहिलेल्या कुबड्यावाल्या काकांना कोणी उतरवलं, आणि किती वाजता?

आपली,
बदलापूरहून रोज परळला येणारी एक पासधारक